मूल शिकतंय, वाढतंय: शाळेला ते कळतं कसं?

प्राथमिक शाळेत प्रवेशासाठी आलेले आईबाबा बहुतेक वेळा दोन प्रश्न विचारतात. 'अभ्यास कसा घेता?' हा पहिला आणि 'व्यक्तिमत्त्व विकासासाठी काय करता?' हा दुसरा. शाळेकडेही दोन वेगळी उत्तरं तयार असतात. पहिल्यात शिष्यवृत्तीचे निकाल, गृहपाठ आणि इंग्रजी संभाषण. दुसऱ्यात नृत्य, कराटे, स्नेहसंमेलन आणि उन्हाळी शिबिर. माहितीपत्रकात दोन्हींना वेगवेगळी पानं मिळतात आणि हळूहळू आपणही मानू लागतो की अभ्यास गणिताच्या तासाला होतो आणि व्यक्तिमत्त्व शनिवारच्या उपक्रमात घडतं.

वर्गात बसून पाहिलं की ही विभागणी टिकत नाही. वजाबाकी चुकल्यावर मूल काय करतं? पान फाडतं, शेजारच्याचं बघून लिहितं, की 'बाई, मला इथे कळलं नाही' असं म्हणतं? त्या एका क्षणात त्याचं गणितही दिसतं आणि त्याचा स्वभावही घडत असतो. चांगली शाळा या दोन्हींकडे एकाच वेळी बघते आणि जे दिसलं ते लिहून ठेवते. हे काम प्रत्यक्षात कसं चालतं, कायदा काय सांगतो, गुण कसे बनतात, नोंदी कशा होतात आणि पालकांना त्यातून काय वाचता येतं, हे इथे क्रमानं पाहू. उदाहरण स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या शाळांचं घेऊ, कारण तिथे मोकळीक जास्त आणि म्हणूनच जबाबदारीही जास्त आहे.

स्वतंत्र शाळा किती स्वतंत्र?

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या, नगरपालिका-महापालिकांच्या, खाजगी अनुदानित आणि विनाअनुदानित अशा शाळा आहेत. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानं आणखी एक गट आला. या शाळा सरकारकडून वेतन अनुदान घेत नाहीत. शुल्क आणि देणग्या यांवर चालतात. शिक्षक कोण नेमायचे, वेळापत्रक कसं लावायचं, वर्गात कोणत्या पद्धतीनं शिकवायचं, हे त्या बऱ्याच अंशी स्वतः ठरवतात.

पण काही गोष्टींत त्यांना सूट नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, म्हणजे आपण ज्याला आरटीई म्हणतो तो कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन, प्राथमिक वर्गांत साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत नाही, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना पूर्ण बंदी, या त्यातल्या काही अटी. शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तासही कायदा मोजतो आणि त्यात पाठाची तयारी धरलेली आहे. शिकवण्याआधीचा विचार हेसुद्धा काम आहे, हे त्यात मान्य केलेलं आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा वगळता विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या असतात.

आपल्या विषयासाठी सर्वांत महत्त्वाचं आहे ते या कायद्याचं कलम २९. अभ्यासक्रम आणि मूल्यमापन कसं असावं हे त्यात सांगितलं आहे. मुलाचं ज्ञान, क्षमता आणि सुप्त गुण वाढावेत. त्याचा सर्वांगीण विकास व्हावा. त्यानं कृतीतून आणि शोध घेत शिकावं. शक्यतो मातृभाषेतून शिकावं. भीती आणि ताण यांपासून ते मुक्त असावं, त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडता यावं. आणि त्याला किती समजलं, समजलेलं कितपत वापरता येतं याचं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन व्हावं. हे सगळं एकाच कलमात, एकाखाली एक आहे. ज्ञानासाठी एक कलम आणि निर्भयतेसाठी दुसरं, अशी वाटणी कायद्यानं केलेली नाही.

ही मोकळीक मुलांसाठी वापरण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाचं काम सुरू केलं. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड इथे आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. तिचं नाव कुरणशाळा. लीला पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. पुण्याची अक्षरनंदन, फलटणचं कमला निंबकर बालभवन या शाळाही याच वाटेवरच्या. मूल कसं शिकतं ते आधी बघायचं आणि मग शाळा कशी चालवायची ते ठरवायचं, हा या सगळ्यांचा समान धागा आहे.

पातळी आणि प्रगती

'शाळेचा शैक्षणिक दर्जा' या शब्दांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे पातळी: या इयत्तेच्या मुलाला जे यायला हवं ते येतं का? दुसरी प्रगती: हे मूल जूनमध्ये कुठे होतं आणि आता कुठे आहे?

पातळी ठरवायला अध्ययन निष्पत्ती असतात. कोणत्या इयत्तेच्या शेवटी मुलाला काय करता आलं पाहिजे याची ही विषयवार यादी. राष्ट्रीय स्तरावर एनसीईआरटीनं ती २०१७ मध्ये आणली आणि राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही ती छापलेली असते. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानानं पायाभूत वर्गांसाठी आणखी नेमकी लक्ष्यं दिली. तिसरीच्या अखेरीस मुलानं अनोळखी पण वयाला साजेसा मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या वेगानं, समजून वाचावा आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात-लिहाव्यात, ही त्यातली दोन.

या आकड्यांचा उपयोग आहे, पण ते जपून वापरायला हवेत. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडूनच येतात. 'शाळेसमोरच्या झाडाखालून' हे दोनच शब्द, पण वाचताना मुलाला बरंच काही उलगडावं लागतं. त्यात जोडाक्षरं आणि र ची रूपं. 'प्रकाश', 'सूर्य', 'ट्रक' आणि 'सुऱ्या' या चार शब्दांत र चार वेगळ्या वेशांत येतो. म्हणून जाणती शिक्षिका घड्याळ लावून थांबत नाही. मूल कुठे अडखळलं, अडखळल्यावर मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचलं का, वाचून झाल्यावर गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगता आली का, हे ती बघते. अडखळलेलं मूल स्वतःहून मागे गेलं, तर वाचताना अर्थ लागला पाहिजे हे त्याला कळलंय. वेग पुढे आपोआप वाढतो.

प्रगती मोजायची तर सुरुवात कुठून झाली ते ठाऊक असावं लागतं. म्हणून जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, शिक्षक प्रत्येक मुलाकडून थोडं वाचून, लिहून आणि सोडवून घेतात. त्याला गुण नसतात. ही नोंद नसेल तर मार्चमधल्या 'अ' श्रेणीला फारसा अर्थ उरत नाही. घरूनच वाचायला शिकून आलेल्या मुलाला अ मिळाला, तर त्यात शाळेचा वाटा किती? आणि जूनमध्ये एक ओळही न वाचणारी मुलगी मार्चमध्ये छोटी गोष्ट वाचू लागली आणि तिला ब मिळाला, तर त्या वर्गात खरं शिकवणं झालेलं आहे. शाळेचा दर्जा पाहताना मी तरी या दुसऱ्या मुलीकडे आधी बघेन.

तीनशे चारमधून एकशे अठ्ठावीस

आता तिसरीच्या वर्गात जाऊ. फळ्यावर वजाबाकी आहे: ३०४ वजा १२८. मुलांच्या वह्यांत तीन उत्तरं दिसतात: १७६, १८६ आणि २२४.

१७६ बरोबर. उरलेली दोन चूक, आणि चाचणीत दोघांनाही शून्य. पण या दोन चुका सारख्या नाहीत. २२४ लिहिणाऱ्या मुलानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला: आठातून चार गेले चार, दोनातून शून्य गेला दोन, तिनातून एक गेला दोन. त्याला अजून ३०४ ही एक संख्या दिसत नाही; तीन सुटे अंक दिसतात. १८६ लिहिणारं मूल पुष्कळ पुढे आहे. शतक मोडून दशक करायचे आणि त्यातला एक दशक मोडून एककाला द्यायचा, हे त्याला कळलंय. एक दशक दिल्यावर मागे दहा नव्हे तर नऊ उरतात, एवढंच ते विसरलं.

शिक्षिका इथे 'चूक' असा शेरा मारून पुढे गेली तर दोघांनाही उद्या तीच पाच गणितं पुन्हा घालावी लागतील आणि दोघंही तीच चूक पुन्हा करतील. त्याऐवजी ती विचारते, 'कसं केलंस, सांग बरं?' आणि खेळातल्या नोटा काढते. शंभराच्या तीन नोटा, दहाची एकही नाही, रुपयाची चार नाणी. यातून १२८ द्यायचे आहेत. आठ नाणी हवीत, आहेत चार. दहाची नोट मोडावी तर ती नाहीच. मग शंभराची मोडायची: हातात दहाच्या दहा नोटा आल्या. त्यातली एक मोडून दहा नाणी घेतली. आता शंभराच्या दोन, दहाच्या नऊ आणि नाणी चौदा. १८६ लिहिणारं मूल इथेच, नोटा मोजतानाच, 'अरे, नऊ!' असं म्हणतं. त्याला समजवावं लागत नाही. २२४ लिहिणाऱ्या मुलाला मात्र अजून थोडे दिवस दोन अंकी संख्या आणि नोटा यांच्यासोबत राहावं लागणार आहे, आणि त्याला ते दिवस मिळायला हवेत.

हा झाला अभ्यास. याच दहा मिनिटांत आणखी काय घडलं? आपलं चुकलेलं उत्तर एका मुलानं सगळ्यांसमोर पायरीपायरीनं सांगितलं. बाकीच्यांनी हसू न करता ऐकलं. एकीनं 'तुझं इथपर्यंत बरोबर आहे' असं सांगितलं. नोटा वाटताना दोघांत खेचाखेची झाली आणि त्यांनी ती स्वतःच मिटवली. धीटपणा, ऐकून घेणं, दुसऱ्याच्या कामातलं बरोबर ते ओळखणं, भांडण मिटवणं: यासाठी वेगळा तास लागला नाही. तो वजाबाकीचाच तास होता. उलट, जिथे चुकीला हशा किंवा ओरडा मिळतो तिथे मूल आपली रीत लपवायला शिकतं, आणि रीत लपली की शिक्षकाला चूक दुरुस्त करायला जागाच राहत नाही. निर्भय वर्ग हवा तो केवळ मुलांना बरं वाटावं म्हणून नाही. त्याशिवाय गणितसुद्धा नीट शिकवता येत नाही.

गुण कसे बनतात

हे सगळं प्रगतिपत्रकात कसं पोहोचतं? महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झालं. त्याचे दोन भाग आहेत. वर्षभर, शिकता शिकता होतं ते आकारिक मूल्यमापन. सत्राच्या शेवटी होतं ते संकलित. त्यात तोंडी किंवा प्रात्यक्षिक आणि लेखी असे दोन्ही भाग असतात.

आकारिक मूल्यमापनासाठी आठ साधनं दिलेली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक किंवा प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय किंवा वर्गकार्य, आणि इतर. या 'इतर'मध्ये गटकार्य, सहाध्यायांनी केलेलं मूल्यमापन आणि मुलानं स्वतःचं केलेलं मूल्यमापन येतं.

दोन्ही भागांचं वजन इयत्तेनुसार बदलतं. पहिली-दुसरीत आकारिकला ७० टक्के आणि संकलितला ३०. तिसरी-चौथीत ६० आणि ४०. पाचवी-सहावीत निम्मं-निम्मं. सातवी-आठवीत ४० आणि ६०. मूल जितकं लहान, तितकं रोजच्या कामाचं वजन जास्त. एका सकाळच्या पेपरात सात वर्षांच्या मुलाचं शिकणं मावत नाही, हा त्यामागचा विचार आहे. त्या सकाळी त्याला ताप असेल, धाकट्या भावंडाच्या रडण्यानं रात्री झोप झाली नसेल, किंवा प्रश्नाची भाषाच कळली नसेल.

दोन्ही मिळून आलेल्या गुणांची श्रेणी बनते. ९१ ते १०० ला अ-१, ८१ ते ९० ला अ-२, मग ब-१, ब-२, क-१, क-२. ३३ ते ४० ला ड आणि त्याखाली इ-१ व इ-२. इ श्रेणी म्हणजे नापासाचा शिक्का नव्हे. या मुलाला जादा मदत देऊन पुढे न्यायची जबाबदारी शाळेवर आहे, असा त्याचा अर्थ. राज्यानं २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीसाठी वार्षिक परीक्षा आणली. तीत कमी पडलेल्या मुलाला मार्गदर्शन आणि पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि त्यानंतरही आवश्यक पातळी आली नाही तर त्याच वर्गात ठेवता येतं. म्हणून पहिली ते चौथीतल्या नोंदी आता आणखी मोलाच्या झाल्या आहेत. पाचवीत अडणारं मूल बहुतेकदा दुसरी-तिसरीतच कुठेतरी सुटलेलं असतं.

नोंद लिहिण्याची रीत

श्रेणीशेजारी वर्णनात्मक नोंदींच्या जागा असतात: विशेष प्रगती, आवड किंवा छंद, सुधारणा आवश्यक. या पद्धतीचा जीव या तीन रकान्यांत आहे, आणि घात होतो तोही इथेच. 'गणितातील क्रिया अचूक करतो.' 'सर्वांशी मिळून मिसळून वागते.' 'वाचनाकडे अधिक लक्ष देणे आवश्यक.' अशा तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवर सहज मिळतात आणि सत्राच्या शेवटी घाईघाईनं उतरवल्या जातात. चाळीस मुलांच्या वर्गात, इतर कामांच्या ओझ्याखाली, शिक्षक असं का करतात हे समजण्यासारखं आहे. पण अशा नोंदीवरून उद्या काय शिकवायचं हे कुणालाच कळत नाही.

कामाची नोंद अशी असते: '३०४ – १२८ = २२४. प्रत्येक स्थानी मोठ्यातून लहान वजा करतो. नोटांनी दोन अंकी वजाबाकी घेतली. हातचा नसेल तर बरोबर.' तारीख आणि दोन ओळी. त्यात काय दिसलं, त्यामागे काय असावं आणि पुढे काय केलं, या तीनही गोष्टी आल्या. रोज सगळ्यांची नोंद करायची गरज नाही. आज चार-पाच मुलं ठरवून बघायची, उद्या दुसरी चार-पाच. दोन आठवड्यांत पूर्ण वर्ग होतो.

वागण्याची नोंद करताना आणखी जपावं लागतं. नियम साधा आहे: मुलाचं वर्णन लिहू नये, घडलं ते लिहावं. 'हट्टी आहे' ही नोंद नव्हे, तो निवाडा झाला. 'गटात रंगखडू आधी मिळाला नाही म्हणून काम सोडून बसला. पाच मिनिटांनी स्वतःहून परत आला आणि चित्र पूर्ण केलं,' ही नोंद. पहिलं वाक्य त्या मुलाला पुढच्या वर्गापर्यंत चिकटतं. दुसऱ्यात एक चांगली बातमीही आहे: तो परत आला. महिन्यानं तशाच प्रसंगी तो किती लवकर परत येतो ते पाहिलं की आपल्याला वाढ दिसते.

वर्गाची पुस्तकपेटी

व्यक्तिमत्त्व घडतं ते मुलांच्या हातात खरं काम दिल्यानं. वर्गातल्या पुस्तकपेटीचं उदाहरण घेऊ. दुसरी-तिसरीच्या वर्गात चाळीस-पन्नास गोष्टींची पुस्तकं आणि एक नोंदवही. आठवडाभर दोन मुलं पेटी सांभाळतात. कोणी पुस्तक नेलं की तारीख, नाव आणि पुस्तकाचं नाव लिहायचं. परत आलं की खूण करायची. शुक्रवारी पुस्तकं मोजायची.

यात लेखन आहे: वर्गमित्रांची जोडाक्षरांची नावं शुद्ध लिहावी लागतात, कारण चुकलं तर ज्याचं नाव आहे तोच येऊन सांगतो. गणित आहे: पन्नासपैकी बारा बाहेर, पेटीत सदतीसच, म्हणजे एक कुठे गेलं? आणि मग खरा प्रश्न येतो. वहीत शेवटचं नाव जिवलग मैत्रिणीचं आहे आणि ती म्हणते, 'मी दिलं होतं.' आता काय करायचं? तिच्यावर विश्वास ठेवायचा, पुन्हा शोधायचं, की बाईंना सांगायचं? आठ वर्षांच्या मुलीसाठी हा मोठा प्रसंग आहे. शिक्षिकेनं इथे लगेच मध्ये पडू नये. तिनं लक्ष ठेवावं, गरज लागली तर 'आणखी कुठे बघता येईल?' एवढंच विचारावं आणि पुस्तक सापडल्यावर दोघींशी बोलावं.

परिपाठात बातम्या कोण वाचणार, सहलीचे नियम काय असावेत, मैदान कोणत्या वर्गाला कधी, डबा खाल्ल्यावर वर्ग कोण झाडणार, हे बालसभेत मुलांनी ठरवलं तर त्यातूनही हेच शिक्षण मिळतं. अट एकच: मुलांनी ठरवलेलं शाळेनं पाळलं पाहिजे. आधीच ठरलेल्या गोष्टींवर मुलांकडून फक्त हात वर करून घेतले, तर आपल्या मताला किंमत नाही एवढंच ती शिकतात.

या गुणांना श्रेणी मात्र देऊ नये. 'सहकार्य: ब-२' याचा अर्थ काय? ज्याला ब-२ मिळाला ते मूल गुण मिळवण्यासाठी सहकार्य दाखवायला शिकेल. शांत मुलांचंही या श्रेण्यांत नुकसान होतं. एखादी मुलगी मोठ्या गटात बोलत नाही, पण दोघींच्या जोडीत दुसरीला नीट समजावून सांगते. तिला 'पुढाकार कमी' म्हणणं अन्यायाचं आहे. मात्र ती घाबरून गप्प आहे की स्वभावानं शांत, हे ओळखणं शाळेचं काम आहे. तिला मैदानात, डब्याच्या सुट्टीत आणि चित्रकलेच्या तासाला पाहिल्याशिवाय ते कळणार नाही.

ज्यांची भाषा आणि डबा वेगळा

स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या शाळेची खरी कसोटी २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांच्या बाबतीत लागते. शुल्क माफ झालं तरी सहलीचे पैसे, प्रकल्पाचं सामान, वाढदिवसाच्या भेटवस्तू, घरी इंग्रजी बोलणारं कुणी असणं, या गोष्टी माफ होत नाहीत. घरी 'व्हतं', 'म्या', 'लई' म्हणणारं मूल वर्गात बोलायला उठलं आणि पहिल्याच वाक्याला कुणीतरी हसलं, तर ते वर्षभर बोलणार नाही. मग प्रगतिपत्रकात येईल, 'तोंडी कामात सहभाग वाढवणे आवश्यक.'

इथे शाळेला पुष्कळ करता येतं. घरच्या बोलीतली गोष्ट तिच्याच भाषेत ऐकायची, फळ्यावर ती लिहायची आणि पुस्तकी भाषा तिच्याशेजारी लिहायची. प्रकल्पाचं सामान शाळेतच ठेवायचं आणि काम शाळेतच करून घ्यायचं, म्हणजे ते कुणाच्या आईबाबांनी केलं हा प्रश्न उरत नाही. गट करताना दर महिन्याला जागा बदलायच्या. कोण कोणाबरोबर डबा खातं हे पाहायचं आणि कुणी सतत एकटं असेल तर त्याची नोंद करायची. यातला लाभ फक्त त्या मुलांचा नाही. आपल्यासारखं न बोलणाऱ्या, आपल्यासारखा डबा न आणणाऱ्या मुलाशी बरोबरीनं वागायला शिकणं हा संपन्न घरातल्या मुलांच्याही विकासाचा भाग आहे, आणि तो कुठल्या शिबिरात मिळत नाही.

शाळेनं स्वतःला तपासणं

पालक शुल्क भरतात, त्यामुळे स्वतंत्र शाळेवर एक दडपण असतं: सगळ्यांना अ-१ द्या, सगळे खूश राहतील. याला आवर घालायचा तर शाळेनं स्वतःला तपासायची सवय लावून घेतली पाहिजे. राष्ट्रीय स्तरावर २०१५ मध्ये आलेल्या 'शाळासिद्धी' या आराखड्यात शाळेकडे सात क्षेत्रांत पाहायचं असतं. त्यातलं एक क्षेत्र विद्यार्थ्यांची प्रगती, संपादणूक आणि विकास यांचं. त्यात उपस्थिती, सहभाग, प्रगती, वैयक्तिक व सामाजिक विकास आणि संपादणूक हे पाच मुद्दे शेजारीशेजारी ठेवलेले आहेत. शाळेनं आधी स्वतः आपली पायरी ठरवायची आणि त्यासाठी पुरावा दाखवायचा.

रोजच्या पातळीवर याहून साधे उपाय आहेत. एकाच निबंधाच्या दहा वह्या दोन शिक्षकांनी वेगवेगळ्या तपासून मग समोरासमोर ठेवाव्यात. श्रेणीत फरक कुठे आणि का पडला ते बोलावं. मुख्याध्यापकांनी वर्गात मागे बसून शिक्षकाकडे कमी आणि दोन मुलांकडे जास्त पाहावं: ही दोघं या तासात किती वेळ विचार करत होती? दर सत्रात प्रत्येक वर्गातल्या पुढच्या, मधल्या आणि मागे पडलेल्या अशा तीन मुलांच्या जूनपासूनच्या वह्या चाळाव्यात. वह्यांमधली तारखांमागून तारखांची वाढ सजवता येत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं सुचवलेलं समग्र प्रगतिपत्रक याच दिशेचं आहे. त्यात शिक्षकासोबत मुलाचं स्वतःचं, सोबत्यांचं आणि पालकांचंही म्हणणं यावं असं अपेक्षित आहे. 'मला हे जमतं, हे अजून जमत नाही, यात मला मदत हवी' असं आठ वर्षांच्या मुलाला सांगता येणं, हेच मोठं शिक्षण आहे. पण नवा नमुना आला म्हणून बघण्याची सवय येत नाही. तयार नोंदी नव्या रकान्यांतही उतरवता येतात.

पालकसभेत काय विचारावं

प्रगतिपत्रक हातात आल्यावर श्रेणी पाहून मिटवू नका. शिक्षिकेला शांतपणे काही प्रश्न विचारा. जूनमध्ये हिला जे येत नव्हतं त्यातलं आता काय येतं? सध्या ती कुठे अडते, आणि अडल्यावर काय करते? तिची एखादी चूक दाखवाल का, आणि त्यानंतर तुम्ही काय घेतलंत? वर्गात कोणतं काम तिच्याकडे आहे? ती डबा कोणाबरोबर खाते? आणि घरी आम्ही काय करावं, काय टाळावं?

वही मागून घ्या आणि शेजारच्या दोन वह्यांशी ताडून पाहा. सगळ्या वह्यांत निबंध शब्दशः सारखा असेल, तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे. तिथे अक्षर सुंदर असेल, मुलाचा विचार नसेल. खाडाखोड असलेली, मध्येच रीत बदललेली, स्वतःच्या शब्दांतली वही दिसायला कमी नीटनेटकी असते, पण तिच्यात शिकणं दिसतं. घरीही 'किती पडले?' याआधी 'कसं केलंस?' हा प्रश्न यावा. तोच प्रश्न शाळा आणि घर दोन्हीकडून आला की मूल आपली रीत लपवत नाही.

प्रवेश घेताना इमारत, गणवेश आणि संमेलनाचे फोटो कोणतीही शाळा दाखवेल. तुम्ही एका मुलाच्या, नाव झाकून, वर्षभराच्या नोंदी पाहायला मागा. त्यात त्याच्या चुका तारखेनिशी असतील, त्या चुकांवर केलेलं काम असेल, ते मूल सोबत्यांशी कसं वागत गेलं हे घडलेल्या प्रसंगांतून दिसत असेल, तर त्या शाळेत अभ्यास आणि व्यक्तिमत्त्व यांची काळजी एकाच नजरेनं घेतली जाते. अशी शाळा जिल्हा परिषदेची असो वा खाजगी, घराजवळची असो वा दोन बस बदलून जायची, आपलं मूल तिच्या हाती निर्धास्त सोपवावं.